लाल आकडा तसाच ठेवून पैसे कसले घेता?

आज सकाळी गाडीचे पुढचे दोन्ही टायर काढले. बाहेरून नक्षी चांगली निम्मी शिल्लक आहे. आतल्या कडेवर तळहात फिरवला तर एका बाजूनं गुळगुळीत, आणि उलट फिरवला की कानशीवर हात घासावा तसं. डाव्या टायरची तर आतली तार दिसायला लागली. वीस हजार किलोमीटर चाललेले टायर होते, अजून तेवढेच आरामात चालले असते. चार महिन्यांत संपले. या चार महिन्यांत अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर मोजून नीट लावून घ्यायला, किती वेळा गेलो? तीन वेळा! तीन वेळा पैसे मोजले!

स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंग टाकले, गाडी ३५ मिलिमीटर खाली आली. हौस माझी, पैसे माझे. गाडी खाली आली की स्टिअरिंगपासून चाकाला जोडलेल्या टाय रॉडचा कोन बदलतो आणि टो (वरून बघितलं तर चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय) बिघडतो, कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय) आत झुकतो, हे माहीत होतं म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला अलाइनमेंटच्या दारात उभा होतो. पुढचा बंपर रॅम्पला लागतोय म्हणून फळ्या टाकण्यातच पोराचा अर्धा तास गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट त्याच्याबरोबर मीही फळ्या धरल्या. राग त्यानंतरचा आहे. टायरची हवा बघितली नाही. मशीनचा कॅमेरा ज्यावरून चाक मोजतो ते टार्गेट मागच्या चाकांना लावले नाहीत. स्क्रीनवर पुढचे चारही आकडे लाल, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. पोरानं टाय रॉड जागेवर धरणारे दोन्ही चेकनट ढिले केले, टाय रॉड जरा फिरवले, एका बाजूचा टो हिरवा झाला आणि पाना खाली ठेवला.

"दुसरी बाजू लाल आहे की रे अजून."

"दादा, गाडी खाली केलाईसा न्हवं, आता असंच येणार."

हेच ते वाक्य. चार महिने हेच ऐकतोय. स्टिअरिंग डावीकडं वाकडं राहिलं? गाडी खाली केलीय. गाडी ओढतेय? गाडी खाली केलीय. अरे, टो टाय रॉडवर सेट होतो! गाडी ३५ मिलिमीटर खाली असो नाहीतर कंपनीतून आली तशी असो, टाय रॉडला आटे आहेत आणि ते फिरतात! कॅम्बर या गाडीत कंपनीकडून सेट होत नाही, हे मला मान्य आहे. पण टो हिरवा करून न देण्याला काय कारण? आकड्यांची प्रिंट मागितली तर "प्रिंटर बंद हाय." स्टिअरिंगचं विचारलं तर "दोन दिस चालवा, आपसूक सरळ हुतंय." लोखंड आपसूक सरळ होतं का?

पाचशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसले असतील म्हणून दुसरीकडं गेलो. इथं साखळी आणि हायड्रॉलिक जॅक घेऊनच माणूस पुढं आला. कॅम्बर काढायचा म्हणजे चांगला शॉकअप दाबून वाकवायचा! मी अक्षरशः मध्ये जाऊन उभा राहिलो. शॉकअप चाकाला जोडणाऱ्या वरच्या बोल्टच्या जागी एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट टाकून कोन बदलता येतो, तो टाका म्हटलं, तर "ते आमच्याकडं मिळत नाही, आम्ही सगळ्या गाड्या अशाच करतो." सगळ्या गाड्या! म्हणजे या गावात किती जणांचे शॉकअप वाकवलेत, देव जाणे. आणि खरं तर माझा कॅम्बर उणे सव्वा अंश, त्यानं टायर आतून थोडा जास्त झिजेल, एवढंच. टायर खातो तो टो.

तिसऱ्या ठिकाणी शेवटी प्रिंट हातात मिळाली. डावीकडं टो बाहेर १८ मिनिटं, उजवीकडंही तेवढाच, दोन्ही लाल. "साहेब, एवढं चालतंय." कुणाला चालतंय? ६० मिनिटांचा एक अंश, त्यातली १८ मिनिटं म्हणजे चाक किलोमीटरमागं पाच मीटर आडवं घासतं. महिन्याला माझ्या पुण्याच्या दोन फेऱ्या असतात. कोल्हापूर ते पुणे २३० किलोमीटर, म्हणजे पुण्यात पोहोचेपर्यंत टायर सव्वा किलोमीटर नुसता आडवा फरफटत गेला! ही तार उगाच दिसत नाहीये.

मागचं का मोजत नाही विचारलं तर तिथंही एकच उत्तर, "मागं सेट होत न्हाई." मागं दोन्ही चाकांना जोडणारा सरळ बीम आहे, सेट होत नाही, मलाही ठाऊक आहे. पण मागची चाकं कुठं बघतायत हे मोजल्याशिवाय पुढची सरळ कशाला धरून लावणार? स्टिअरिंग वाकडं राहतं ते इथूनच.

जास्त जळतं ते हे की हे सगळं कोल्हापुरात होतंय. उद्यमनगरच्या गल्लीत पत्र्याच्या शेडखाली बसून लेथवर केसाएवढा फरक बोटानं ओळखणारी माणसं या गावात आहेत. मी शिरोलीच्या मशीन शॉपमध्ये काम करतो. आमच्या बोअरला, म्हणजे जॉबच्या भोकाला, २० मायक्रॉनचं टॉलरन्स, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढीच सूट. त्याच्या बाहेर गेला की जॉब रिजेक्टच्या लाल पेटीत, मग कितीही घाई असू दे. शिफ्टला नवीन आलेल्या पोरालासुद्धा लाल म्हणजे काय हे पहिल्या दिवशी सांगतात. आणि त्याच शिरोलीपासून पाच मिनिटांवर स्क्रीन लालेलाल असताना माणूस बिनधास्त म्हणतो, झालं, काढा गाडी. लाखांचं थ्रीडी मशीन घेतलंय कशाला मग? दोरी बांधून बघितलं असतं तरी याच्यापेक्षा बरं झालं असतं!

त्या पोरांवर माझा एवढा राग नाही. त्यांना कुणी शिकवलंच नाही, दिवसाला गाड्या किती काढल्या एवढंच मालक मोजतो. राग गल्ल्यावर बसलेल्या मालकावर आहे, ज्याला स्वतःच्या मशीनचे आकडे वाचता येतात आणि तरी तो पोराला हटकत नाही.

टायरचे अकरा हजार गेले. सोमवारी सुट्टी टाकलीय. नवीन टायर, चारही चाकांत मोजून हवा, आणि आधीची प्रिंट खिशात. चौथ्या ठिकाणी रॅम्पवर गाडी चढायच्या आधीच सांगणार आहे: चारही चाकांना टार्गेट लावा, टो दोन्हीकडं हिरवा पाहिजे, स्टिअरिंग सरळ पाहिजे, आधीची आणि नंतरची दोन्ही प्रिंट पाहिजेत. प्रिंटर बंद असेल तर गाडी रॅम्पवर चढणारच नाही.