प्लास्टिक खाणारा जीवाणू कॅरीबॅग खात नाही

‘जपानी जीवाणू सोडला की कचरा डेपोतलं सगळं प्लास्टिक फस्त’ असा मेसेज फिरतोय. जीवाणू खरा आहे: इडिओनेला साकाइएन्सिस. जपानच्या साकाई शहरात सापडला, शोधनिबंध २०१६चा. पण तो खातो फक्त पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. त्यातले एस्टर बंध, म्हणजे रेणूचे तुकडे जोडणारे दुवे, त्याची विकरं (एन्झाइम) तोडतात. कॅरीबॅगच्या पॉलिथिनमध्ये नुसती कार्बनची साखळी. तोडायला एस्टर बंधच नाहीत!

शिवाय प्रयोगात होती पीईटीची पातळ, कमी स्फटिकी (म्हणजे रेणू विस्कळीत असलेली) फिल्म. तीही ३० अंश सेल्सिअसला संपायला सुमारे ६ आठवडे लागले. बाटलीचं पीईटी जास्त स्फटिकी. रेणू इतके दाटीने बसलेले की तिथे विकरांची डाळ फारशी शिजत नाही. आधी ते वितळवून झटकन थंड करावं लागतं, मग बारीक दळावं लागतं.