कुणीही टेबलाला हात लावू नये

स्टॉप-मोशनचा छंद ज्याने शोधून काढला, त्याच्या घरात बहुधा दुसरं कुणी राहत नसावं. तत्त्व अगदी सोपं. बाहुली ठेवायची, फोटो काढायचा, बाहुली केसभर हलवायची, पुन्हा फोटो काढायचा. पडद्यावर सेकंदाला 24 चित्रं सरकतात. आमच्यासारखे काटकसरी लोक प्रत्येक फोटो दोनदा वापरून 12 वर भागवतात. म्हणजे मिनिटाला 720 फोटो. हा आकडा ऐकून शहाणी माणसं पक्षीनिरीक्षणाकडे वळतात. मी जेवणाच्या टेबलाकडे वळलो.

माझी गोष्ट साधी होती. क्लेचा एक माणूस चालत येतो, जमिनीवर पडलेली टोपी बघतो, वाकतो, उचलतो आणि डोक्यावर घालतो. संवाद नाहीत, नायिका नाही, खलनायक नाही. खलनायक पुढे आपोआप भरती झाले.

पहिला सूर्य. खिडकीतला उजेड आपल्याला तासभर एकसारखाच दिसतो, कॅमेऱ्याला नाही. त्यातून कॅमेरा ऑटोवर असला की तो स्वतःच्या अकलेने दुरुस्त्या करत बसतो. मागची भिंत एका फोटोत पिवळी, पुढच्यात निळी. सलग पाहिलं तर माझा नायक विजांच्या कडकडाटात घर शोधतोय असं वाटे. मग पडदे ओढले, दोन दिवे लावले, एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअलवर टाकलं. तरी भिंत लुकलुकतेच! बऱ्याच चौकशीअंती गुन्हेगार सापडला, तो माझ्याच अंगावर होता. बाहुली हलवायला मी पुढे वाकलो की पांढऱ्या शर्टावरचा उजेड उलटून सेटवर पडायचा, आणि मी दर वेळी वेगळ्या जागी उभा. या धंद्यातली मुरलेली माणसं गडद कपडे घालतात ते उगाच नाही. तेव्हापासून शूटिंगला एक काळा टीशर्ट नेमला.

"अहो, त्या बाहुलीला दिवसातून दहादा पुसता," बायको म्हणाली, "टीशर्ट कधी धुणार?"

टोपी कागदाची, त्यामुळे पंखा बंद. दिव्यांच्या उबेने क्ले मऊ पडतो, त्यामुळे नायक सकाळी तरणाबांड आणि संध्याकाळी निवृत्तीला आलेला. त्याच्या पोटात ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा असतो. तार एकाच जागी वाकवत राहिलं की धातू थकतो आणि तुटतो. साहेबांचा गुडघा ऐन वाकायच्या शॉटला गेला. मांडी चिरून नवी तार घातली, वरून क्ले लिंपला, बोटांचे ठसे पुसले. हे ठसे पुसले नाहीत तर प्रत्येक फोटोत ते वेगळे येतात आणि पडद्यावर कातडी उकळल्यासारखी खदखदते. पाय पक्के राहावेत म्हणून तळपायात खालून स्क्रू घालतात, त्याला फळीत भोकं लागतात. मी टेबलाकडे नुसतं पाहिलं, तेवढ्यावर स्वयंपाकघरातून "खबरदार!" आलं. मग प्लायवूड आणलं.

घरात थोडी कलाविषयक जाण निर्माण करावी म्हणून मी फाळक्यांचा दाखला काढला. 1912 साली दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज एक चित्र घेत महिनाभराहून जास्त काळ त्या रोपाची वाढ टिपली. पुढे त्यांच्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, हेही मी जरा ठासून सांगितलं. त्यांनी चित्रपटापायी दिलेल्या दागिन्यांचा भाग तेवढा वगळला. तो बायकोला आधीच ठाऊक होता.

"आणि त्यांच्या वाटाण्याला निदान वाटाणे आले असतील," ती म्हणाली. चादर काही तिने धरली नाही.

कलेने हात टेकले की आमच्यासारखे लोक तंत्रज्ञानाचा दरवाजा ठोठावतात. कॅमेरा नायकाबरोबर हळूच सरकला तर काय बहार येईल, असं मनात आलं. हाताने सरकवणं कमीपणाचं. म्हणून स्टेपर मोटार, तिला वीज पुरवणारं ड्रायव्हर नावाचं सर्किट आणि त्याला हुकूम सोडणारा आर्डुइनो हा चिमुकला संगणक अशी वरात आली. ही मोटार एका फेरीत 200 पावलं टाकते, प्रत्येक पाऊल 1.8 अंशाचं. कागदावर फार शिस्तीचा प्राणी. प्रत्यक्षात तिच्यातून चार वायरी निघतात, दोन-दोनच्या जोड्या असतात, आणि माझ्या मोटारीच्या वायरींचे रंग सोबतच्या चिठ्ठीतल्या रंगांशी कुठल्याच नात्याने जुळत नव्हते. जोडी चुकली की मोटार फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. ती थरथरली की टेबल थरथरे, टेबल थरथरलं की टोपी चाले. नायकाआधी टोपीच फ्रेमबाहेर जाऊ लागली. शेवटी मीटर लावून जोड्या शोधल्या आणि कॅमेरा खरोखर सरकला. ते बघायला घरचे जमले. कॅमेरा सेकंदात एक मिलिमीटर गेला आणि घरचे पांगले.

असो. वाकायचा शॉट अर्ध्यावर ठेवून मी एका रात्री झोपलो. दिव्यावर "हात लावू नये" अशी चिठ्ठी होती. सकाळी येऊन बघतो तर नायक ताठ उभा आणि डोक्यावर टोपी.

"अरे, रात्रभर बिचारा ओणवा होता," आई म्हणाली. "कंबर धरली असती त्याची. आणि ती टोपी त्यालाच हवी होती ना? दिली घालून."

तिचा चश्मा कपाटात असल्यामुळे चिठ्ठीबद्दल बोलण्यात अर्थ नव्हता.

फ्रान्सचा जुना चित्रपटकार जॉर्ज मेलिएस याचा एक किस्सा आहे, त्याने स्वतःच सांगितलेला. पॅरिसमध्ये रस्त्यावर चित्रण करताना कॅमेरा अडकला. सुरू होईपर्यंत पुढची वाहनं बदलली, आणि पडद्यावर घोड्यांची बस क्षणात प्रेतगाडी झाली. त्यातून त्याला अदलाबदलीच्या जादूची युक्ती सापडली. त्याला यंत्र बिघडावं लागलं. मला आई होती. तिने बदललेल्या जागेपासून मी तसाच पुढे निघालो: माणूस वाकतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ताठ, टोपीसह!

मधेच मुलीने मोबाईलवर दोन ओळी लिहून एआयकडून क्लेचा माणूस मागवला. मिनिटात हजर. चालला झोकात, पण टोपी उचलता उचलता ती त्याच्या कपाळात विरघळली. हाताला सहा बोटं. मी ते तिच्या निदर्शनास आणून दिलं.

"बाबा, तुमच्या माणसाला एकही नाही," ती म्हणाली.

यावर उत्तर न देता मी आवाजाच्या कामाला लागलो. बर्फावरच्या पावलांसाठी कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबतात. माझ्या गोष्टीत बर्फ नव्हता, पण पिशवी इतकी छान करकरली की मी बर्फ घेतला. थोडा कापूस पसरला.

घरच्यांसमोर खेळ झाला. चित्रपट 11 सेकंदांचा, श्रेयनामावली 20 सेकंदांची. शेजारच्या काकांना टोपीची उडी फार आवडली. "हे कसं केलंत हो?" त्यांनी मला विचारलं आणि आईने उत्तर दिलं. संपूर्ण, विस्ताराने, कंबर धरण्यापासून.

शेवटी तिची एकच तक्रार उरली. "विशेष दृश्ये : आई" ही पाटी फार पटकन गेली. रात्री बसून ती चार सेकंदांची केली. त्याला एकच फोटो 48 वेळा लावावा लागतो, आणि त्यात कुणालाही हलवावं लागत नाही.