जैतापूर सुनावणीमुळे रखडलं का? ‘ट्रॉम्बेकर’ काकांना उत्तर

नमस्कार काका. (एकतीस वर्षं अणुऊर्जा खात्यात काढून निवृत्त झालो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतेय. राग मानू नका.)

माझ्या ‘सुनावणी नको, वीज हवी’ या लेखाची तुम्ही चांगलीच सालटी काढलीत. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. अणुवीज प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट मिळाली, हे मी लिहिलेलं धादांत चूक आहे. किरणोत्सार बघायला एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, मग पर्यावरण खात्याची मंजुरी वेगळी कशाला, ‘एका लग्नाला दोन भटजी?’ सुनावण्यांच्या नादात कोकणातला जैतापूरचा अणुवीज प्रकल्प पंधरा वर्षं रखडला. अमेरिकासुद्धा आता नियम सैल करतेय. आणि चेंबूरमध्ये एसी लावून बसणाऱ्यांनी विजेवर प्रवचनं झोडू नयेत.

एसी आहे. एकच आहे, पण आहे.

चुकीचं आधी कबूल करते. सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काढलेल्या ज्या परिपत्रकावरून मी ते लिहिलं, ते खाणींबद्दल आहे. आण्विक, क्रिटिकल आणि स्ट्रॅटेजिक खनिजांच्या खाणींना त्यात जनसुनावणीतून सूट दिली. अणुवीज केंद्रं पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत ‘अ’ वर्गातच आहेत, त्यांना दिल्लीहून मंजुरी घ्यावी लागते आणि सुनावणीही होते. मी घाईत दोन्हींची खिचडी केली. लेखातलं वाक्य खोडलंय आणि तुमच्या टोपणनावानिशी तिथे दुरुस्ती टाकलीय.

पण खाणींना सूट कशाच्या आधारावर दिली, तेही पाहा. देशाचं संरक्षण, सुरक्षा किंवा केंद्र सरकार ठरवेल त्या ‘इतर व्यूहात्मक बाबी’ असतील तर सुनावणी नको, असं कलम त्याच अधिसूचनेत पहिल्यापासून आहे. व्यूहात्मक काय, हे ठरवणारही सरकारच. युरेनियमच्या खाणीला लागू झालेलं हे कलम युरेनियमच्या अणुभट्टीपाशी येऊन थांबेल, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मला काळजी आहे ती याची, आणि ती मी चुकीच्या वाक्यात मांडली.

आता तुमचे दोन भटजी. काका, दोन भटजी नाहीत हो. एक भटजी आहे आणि एक आचारी. मुहूर्त आणि मंत्र भटजी बघेल, पण आमटी खारट झाली तर त्याला विचारून काय उपयोग? भट्टीचं पात्र, संरक्षक कवच, किरणोत्साराची मात्रा हे एईआरबीचं काम, आणि ते माझ्यापेक्षा तुम्हाला शंभरपट कळतं. पण जैतापूरजवळच्या साखरी-नाट्यातला मच्छीमार विचारत होता ते वेगळंच होतं. भट्टीत तयार होणाऱ्या उष्णतेपैकी एक-तृतीयांशाहून थोडी जास्त उष्णता विजेत बदलते, बाकीची थंड करायच्या पाण्याबरोबर बाहेर जाते. जैतापूरला १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या ठरल्या होत्या, म्हणजे ९९०० मेगावॅट वीज आणि तिच्या साधारण पावणेदोनपट उष्णता समुद्राच्या पोटात. ते कोमट पाणी कुठपर्यंत पसरणार, कोळंबी आणि बांगडा तिथे टिकणार का, होडी कुठून न्यायची, यातल्या एकाही प्रश्नात किरणोत्सार नाही. पर्यावरण मंजुरी काढून टाकली तर हे प्रश्न विचारायचे कोणाकडे?

अमेरिकेचा दाखला तुम्ही दिलात म्हणून गंमत सांगते. नेमका हाच वाद तिथे १९७१ साली कोर्टात गेला होता. मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागराच्या काठावर कॅल्व्हर्ट क्लिफ्सचं केंद्र बांधलं जात होतं. तेव्हाचा त्यांचा अणुऊर्जा आयोग साधारण तुमच्यासारखंच म्हणत होता, की पाणी वगैरे बाबींवर दुसऱ्या खात्यांचा दाखला आहे ना, मग आम्ही स्वतंत्र तपासणार नाही. अपील कोर्टाने आयोगाला फटकारलं. पर्यावरणाचा कायदा कागद भरण्यासाठी नाही, सगळे परिणाम तुम्हालाच तोलावे लागतील, असा तो निकाल. म्हणून केंद्र बंद पडलं का? पहिली भट्टी १९७५ ला सुरू झाली, दुसरी १९७७ ला, आणि दोन्ही आजही चालू आहेत. मे २०२५ मधल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनी तिथे नव्या भट्टीच्या अर्जावर १८ महिन्यांत निर्णय द्या असं बजावलंय, हे खरं. पण मुदत घालणं वेगळं आणि प्रश्नच न विचारणं वेगळं. मुदत घालायला माझी हरकत नाही. आपल्याकडे सुनावणीला ४५ दिवसांची मुदत २००६ पासून आहेच की.

आता जैतापूर. इथे मात्र मी तुमचं काहीएक ऐकणार नाही.

जनसुनावणी झाली १६ मे २०१० ला. ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी मिळाली २८ नोव्हेंबर २०१० ला. सहा महिने आणि वर बारा दिवस! मुंबईत सोसायटीच्या पुनर्विकासाला याहून जास्त वेळ नुसता सभासदांच्या सह्या गोळा करण्यात जातो. मंजुरीनंतर आठवड्याभरात फ्रान्सचे अध्यक्ष भारतात आले आणि करार झाला. मग अडलं कुठे? फ्रेंच भट्टीच्या किमतीवर. अपघात झाला तर पुरवठादारावर दावा लावता येईल, या २०१० च्या कायद्यातल्या कलमावर. भट्टी विकणारी फ्रेंच कंपनीच डबघाईला आली आणि तिचा भट्ट्यांचा धंदा ईडीएफ या फ्रेंच सरकारी वीज कंपनीने घेतला, त्यात आणखी वर्षं गेली. ईडीएफचा तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव आला एप्रिल २०२१ मध्ये. याच जातीची भट्टी फिनलंडमध्ये २००५ ला बांधायला घेतली आणि तिची नियमित वीज मिळाली २०२३ ला. खुद्द फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ ला सुरुवात झाली आणि ग्रिडला जोडायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. तिथे काय जैतापूर प्रकल्पाच्या जागेवरचे, माडबनचे आंबेवाले आडवे पडले होते?

आंदोलन झालं, हे मी नाकारत नाही. एप्रिल २०११ मध्ये नाट्याला गोळीबारात एक माणूस गेला. पण सुनावणीत आपलं कोणी ऐकलं नाही असं वाटल्यावर लोक रस्त्यावर आले, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

तपासणी नीट झाली तर काय होतं, ते इथून जवळच दिसतं. आपल्या उपनगरांना वीज देणारं डहाणूचं औष्णिक केंद्र घ्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे पर्यावरण संरक्षणासाठी प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी शेवटपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. त्यांनी चिमणीच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायचा आग्रह सोडला नाही, आणि २००७ मध्ये ती बसली. वीज बंद पडली नाही. चिकूच्या बागांना एवढं तरी मिळालं.

राहिला एईआरबीवरचा तुमचा विश्वास. तिथल्या माणसांबद्दल मला शंका नाही, रचनेबद्दल आहे. १९८३ पासून हे मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होतं आणि आयोगाचा अध्यक्ष म्हणजे खात्याचा सचिव. मंडळाचं ऑफिस अणुशक्तीनगरात, अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या महामंडळाचंही तिथेच. २०१२ मध्ये कॅगने याच स्वायत्ततेवर बोट ठेवलं. मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला तो डिसेंबर २०२५ च्या नव्या कायद्याने. त्याचं मी स्वागतच करते. त्याच कायद्याने पुरवठादारावरच्या दाव्याचं कलम काढलं, त्याचं मात्र नाही.

जाता जाता तुम्हालाच एक विचारायचंय. २००० साली ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राला एईआरबीच्या देखरेखीतून वगळलं आणि तिथली सुरक्षा केंद्राच्याच अंतर्गत समितीकडे गेली. माझ्या गच्चीवरून ट्रॉम्बेची टेकडी दिसते, म्हणून हा प्रश्न मला घरचाच वाटतो. तुम्ही तेव्हा खात्यात होतात. दुसरा भटजी नको म्हणता, पण त्या दिवशी पहिलाही बाहेर गेला. तेव्हा तुमच्या कँटीनमध्ये लोक काय बोलत होते? सांगण्यासारखं असेल तेवढंच सांगा, पण सांगा.