ठोका दिसला नाही म्हणून लगेच पिशवी साफ करायची?

सध्या आपल्याकडच्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे: ‘दीड-दोन महिन्यांच्या सोनोग्राफीत बाळाचा ठोका दिसला नाही, तर गर्भ गेला असे समजा, लगेच पिशवी साफ करून घ्या, नाहीतर अंगात विष पसरते, पुन्हा सोनोग्राफीला बोलावतात ते पैशासाठी.’

पहिले विधान दिवसांच्या हिशेबावरच कोसळते. गर्भाचे दिवस पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि त्यात पाळी 28 दिवसांची गृहीत धरलेली असते. तान्ह्या पोळ्याला पाळी आली एवढे पक्के आठवणाऱ्या बाईची पाळी 40 दिवसांनी येत असेल, तर 50 व्या दिवशी कागदावर सात आठवडे भरतात, पण गर्भ असतो जेमतेम साडेपाच आठवड्यांचा. त्या वयात गर्भाशयात फक्त गर्भाची पिशवी (ज्यात गर्भ वाढतो ती) दिसते. ठोका साधारण सहा आठवड्यांनंतर दिसू लागतो, आणि पोटावरून केलेल्या तपासणीत आणखी काही दिवसांनी. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या तारखांचा तर भरवसाच नसतो.

पूर्वी 5 मिलिमीटरच्या गर्भात ठोका नसला तरी गर्भ गेल्याचे निदान पक्के मानत. त्यात जिवंत गर्भही चुकून गेला असे ठरण्याचा धोका होता, म्हणून 2012 मध्ये अमेरिकेतील रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या परिषदेने मर्यादा वाढवली: योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गर्भ 7 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असून ठोका नसेल, अथवा गर्भाची पिशवी सरासरी 25 मिलिमीटरची होऊनही तीत गर्भ नसेल, तरच निदान पक्के. त्याआतल्या मापांवर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा पाहणे हाच नियम आहे. तालुक्याला जायचे म्हणजे कापूस वेचणीची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, त्यामुळे संशय येणे मी समजू शकतो. पण घाईत केलेली सफाई परत फिरवता येत नाही.

विषाचे म्हणाल, तर गर्भ खरोखरच थांबलेला असला तरी एवढ्या दिवसांत तो विष होत नाही. ताप आला किंवा दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला, तर मात्र जंतुसंसर्गाच्या शंकेने त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जिथे थांबणे खरोखर घातक आहे, त्याचा या संदेशात उल्लेखच नाही. चाचणी पॉझिटिव्ह असूनही गर्भाशयात गर्भाची पिशवी दिसत नसेल, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत असू शकतो. अशा वेळी 48 तासांच्या अंतराने रक्तातले बीटा एचसीजी (गर्भारपणाचे संप्रेरक) तपासतात. ओटीपोटात एका बाजूला कळ, खांद्यात दुखणे, घेरी किंवा रक्तस्राव यांपैकी काहीही झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, 108 ला फोन करावा.