काकांची चूल आणि शंखातला समुद्र

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच भांडण चालू आहे. धाकटा चुलतभाऊ नागपुरातल्या एका नव्या हॉटेलात जेवून आला. संत्र्याच्या रसाचे मोती, द्रवरूप नायट्रोजनचा धूर सोडणारी रबडी, चौघांचं बिल साडेसहा हजार. काकांनी फोटो पाहून लिहिलं, 'धूरच पाह्यजे तं सांगाचं ना बे, घरी चूल पेटवली असती.' मग 'अशा जेवणात खरंच काही दम आहे का' अशी मला विचारणा झाली, कारण मी इंग्लंडात राहतो.

मी राहतो ते रेडिंग, आणि हे सगळं इथे ज्याच्यामुळे गाजलं त्या हेस्टन ब्लुमेंथल या शेफचं हॉटेल जवळच्याच ब्रे गावात. त्या 'फॅट डक'मध्ये 2007 मध्ये मासळीच्या एका पदार्थासोबत शंख द्यायला सुरुवात झाली. शंखात आयपॉड, कानात लाटा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाज. (तिथे जेवायची हिंमत माझ्या खिशाला अजून झालेली नाही.) त्यामागे ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स या मानसशास्त्रज्ञाचं काम आहे. त्याने 2004 मध्ये लोकांना हेडफोन लावून बटाट्याच्या चिप्स खायला दिल्या आणि चावण्याच्या आवाजातला उंच पट्टीचा भाग वाढवला. चिप्स त्याच, पण लोकांना त्या जास्त कुरकुरीत आणि ताज्या वाटल्या.

हे वाचलं तेव्हा मला मी इथे केलेला सावजी रस्सा आठवला. मसाला आईने पाठवलेला, दगडफुलासकट. तेलही हात सैल सोडून घातलं. तर्री आली, धुराचा अलार्म कोकलला, आणि ताटात पडलं ते नुसतं तिखट मटण. तिखट ही खरं तर चव नव्हेच. मिरचीतलं कॅप्सायसिन हे द्रव्य शरीरातल्या ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या रेणूला) चेतवतं, तीच ग्राही साधारण 43 अंशांपुढची उष्णताही ओळखते. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकी शास्त्रज्ञाने ती 1997 मध्ये शोधली आणि 2021 चं नोबेल वाटून घेतलं. नागपूरचा मे महिना त्या आकड्यापाशीच घुटमळतो. मी जेवत होतो आठ अंशांत, खिडकी उघडी टाकून.

मग बहिणीने कूलरचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. ती घरघर, पाण्याची टपटप, मधेच आईची हाक. हसू नका, दुसऱ्या दिवशीचा शिळा रस्सा त्या आवाजात बराच बरा लागला. खसच्या ताट्यांचा ओला वास तेवढा फोनमधून येत नाही.

म्हणून काकांचं अर्धं पटतं. रबडीवरच्या धुराने रबडीची चव बदलत नसेल तर तो नुसता वरातीतला अनार. पण 'हे सगळं आपल्याला आधीपासून ठाऊक होतं' हे त्यांचं पालुपद मला अजिबात मान्य नाही. आपण खात होतो. असं का लागतं, हे कोणी विचारलं? संत्र्याच्या मोत्यांमागे तरी डोकं आहे. अल्जिनेट (समुद्री शेवाळातून काढलेली पूड) घातलेला रस कॅल्शियमच्या पाण्यात सोडला की थेंबाभोवती पापुद्रा धरतो, आणि रस फार आंबट असेल तर धरतच नाही, आधी आंबटपणा कमी करावा लागतो.

मी ग्रुपवर सुचवलं: काकांचे डोळे बांधा, दोन वाट्या रस्सा द्या, एक कूलर चालू असताना, एक बंद करून. कोणती जास्त झोंबते ते लिहून ठेवा.

काकांचं उत्तर रात्री आलं. 'चालते. पण रस्सा दोन्ही वाट्यांत एकाच गंजातला पाह्यजे, नाही तं काय समजन?'