ग्रिफनने घोडा खाल्ला म्हणून दोन स्टार: आमचं उत्तर

नमस्कार,

शनिवारच्या टेबलाबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. नुसतं ‘बोअर’ लिहून निघून जाणाऱ्यांपेक्षा चार परिच्छेद भांडून दोन स्टार देणारं गिऱ्हाईक मला केव्हाही चालतं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. आमच्या कॅफेतल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या (फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ) सेशनमध्ये ग्रिफनने, म्हणजे गरुडाचं तोंड आणि सिंहाचं धड असलेल्या काल्पनिक प्राण्याने, पार्टीचा (खेळाडूंच्या टोळीचा) घोडा पहिल्याच राउंडला मारला. तुमच्या मते ग्रिफन उमदा, सोन्याची राखण करणारा, आणि आमच्या डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) त्याचा खाटीक केला. तुमच्या बार्डने (गाणाऱ्या भाटाच्या पात्राने) नॅचरल वीस (फाशावर थेट वीस) टाकून केलेलं भाषण वाया गेलं. मिनीला (टेबलावरच्या ग्रिफनच्या छोट्या मूर्तीला) कान होते, म्हणजे माल स्वस्तातला. आणि मुळात हे सगळं आपल्या गरुडाची नक्कल. शिवाय चहा कुठे दिसला नाही.

घोड्यापासून सुरुवात करतो, कारण खरा राग तिथलाच आहे.

१९७१ साली युक्रेनमध्ये तोव्स्ता मोहिला नावाच्या टेकाडाखाली सिथियन लोकांचं एक थडगं उकरलं गेलं. त्यात गळ्यात घालायचा सोन्याचा दागिना मिळाला, इसवीसनपूर्व चौथ्या शतकातला, किलोभराहून जास्त वजनाचा. फोटो मोठा करून बघा. वरच्या पट्टीत माणसं मेंढीचं दूध काढताहेत, दोघं समोरासमोर बसून कातड्याचा अंगरखा शिवताहेत, वासरं आणि शिंगरं आईला लुचताहेत. सगळा निवांत मामला. खालच्या पट्टीत एकेका घोड्यावर दोन दोन ग्रिफन तुटून पडलेत, एक पुढून, एक मागून. ज्या लोकांचं उभं आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेलं, त्यांनी ग्रिफन असा काढलाय. पुढे सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिडोर लिहून गेला की ग्रिफन घोड्यांचा कट्टर वैरी. त्याच्या कितीतरी आधी रोमन कवी व्हर्जिलला ‘अशक्य’ म्हणजे काय ते सांगायचं होतं, तेव्हा त्याने ग्रिफन आणि घोडा यांची जोडी जुळवली. त्याच चेष्टेतून पुढे हिप्पोग्रिफ (अर्धा ग्रिफन, अर्धा घोडा) जन्माला आला, आणि १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी या खेळाचा पहिला संच काढला, त्यात ग्रिफन आणि हिप्पोग्रिफ दोघंही होते. तेव्हा हे खाणंपिणं आमच्या डीएमच्या डोक्यातून आलेलं नाही, फार जुनं आहे.

राखणीचं म्हणाल तर तुमचं म्हणणं बरोबरच आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलंय की उत्तरेकडे ग्रिफन सोनं राखतात आणि अरिमास्पी नावाचे एकडोळे लोक ते पळवतात. (एकडोळ्या माणसांवर त्याचा स्वतःचाही विश्वास नव्हता, ते सोडा.) इटालियन कवी दान्तेकडे तर ग्रिफन स्वर्गाच्या वाटेवरचा रथ ओढतो. पण राखणदार राखण करतो म्हणजे करतो काय? जवळ आलेल्याला फाडतो. तुम्ही घरट्याखालच्या कड्याशी घोडा बांधलात. पायथ्याच्या खानावळवाल्याने ‘घोडे इथंच सोडा, वर नेऊ नका’ असं सांगितलं होतं आणि तुमच्या रेंजरने (रानवाटा जाणणाऱ्या पात्राने) ते वहीत उतरवूनही घेतलं होतं.

आता हिशोब. आमच्याकडे या खेळाचे २०१४ चे नियम चालतात आणि फासे सगळ्यांसमोर पडतात. ग्रिफन एका वेळी चोच आणि नख्या दोन्ही वापरतो. चोचीचं सरासरी नुकसान ८, नख्यांचं ११. साध्या स्वारीच्या घोड्याचे हिट पॉइंट (मरेपर्यंत सोसता येणारं नुकसान) १३. दोन्ही घाव लागले तर घोडा उरत नाही, तिथे डीएमने करायचं काय?

बार्डबद्दल मला खरंच वाईट वाटलं, भाषण झकास होतं, काउंटरवरून ऐकत होतो. पण नियमांत ग्रिफनची बुद्धी फक्त २ आहे आणि त्याला कुठलीही भाषा येत नाही. नॅचरल वीस म्हणजे हमखास यश, हा नियम हल्ल्याला आहे, मन वळवायला नाही. तुमच्या ड्रुइडने (निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राने) प्राण्यांशी बोलायचा मंत्र वापरला, तोही फुकट गेला, कारण तो मंत्र साध्या जनावरांवर चालतो आणि ग्रिफन नियमांत ‘मॉन्स्ट्रॉसिटी’ (अक्राळविक्राळ प्राणी) या गटात मोडतो. मांस फेकून, हळूहळू मागे सरकत अॅनिमल हँडलिंगचा (जनावर हाताळायच्या कौशल्याचा) रोल मागितला असता तर डीएमने नक्की दिला असता. तसं त्याने एकदा सुचवलंही. तुम्ही तेव्हा तिसऱ्या कडव्यात होतात.

कानांचा मुद्दा मला सगळ्यात आवडला. गरुडाला कान नसतात हे खरं, पण ग्रिफनला असतात. ग्रीसमध्ये ऑलिम्पियाला सापडलेल्या, इसवीसनपूर्व सातव्या शतकातल्या ब्राँझच्या कढया बघा. त्यांच्या काठावर ग्रिफनची मुंडकी बसवलेली असायची: चोच उघडी, जीभ वळलेली, कान ताठ उभे, आणि कपाळावर एक गोंडा. रोमन लेखक प्लिनीला ग्रिफन ही थापच वाटत होती, पण थाप सांगतानाही त्याने कान वगळले नाहीत. आमची मिनी रेझिनची आहे, पुढचे पाय गरुडाचे, मागचे सिंहाचे, आणि पिसांवरचा एकेक हात रंग आमच्याच पोराने रात्री जागून चढवलाय. कान कापणार नाही.

गरुडाचं मात्र जमत नाही. विष्णूच्या वाहनात सिंह कुठे आहे? गरुड म्हणजे पक्षी आणि माणूस. सिंहाचं धड आणि पक्ष्याचं तोंड अशी चित्रं इजिप्तमध्ये आणि इराणातल्या सुसा इथे इसवीसनपूर्व ३००० च्याही आधीची आहेत. आपल्याकडचं जवळचं काही हवं असेल तर किल्ल्याच्या दरवाजावरचा शरभ बघा, पंजात हत्ती धरलेला. उलट गंमत अशी की इराणच्या दरबारी नोकरी केलेला क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य ग्रिफनचं घर हिंदुस्थानातल्या डोंगरांत सांगतो, सोन्यासकट. नक्कल सोडा, ग्रीकांनी तो आपल्याच खात्यावर मांडलाय!

चहाचा थर्मास टेबलाच्या डाव्या हाताला असतो आणि फीमध्येच येतो. फासे हातात असले की तो कुणालाच दिसत नाही.

पैसे परत मिळणार नाहीत, सेशन पूर्ण वेळ चाललं होतं. पण तुमचा बार्ड अजून कड्यावर जिवंत आहे, घरट्यात अंडी आहेत, आणि बाकीच्यांनी पुढच्या शनिवारची जागा धरली आहे. तुमची खुर्ची गुरुवारपर्यंत ठेवतो, काउंटरवर कळवा. खानावळवाल्याकडे एक खेचर विकाऊ आहे. घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.