संदकफू : एक कौटुंबिक मोहीम

आमच्या घराण्यात साहसाची परंपरा नाही. आजोबा एकदा पूर्ण न थांबलेल्या लोकलमधून उतरले होते, ती गोष्ट अजून त्यांच्या श्राद्धाला पानं वाढेपर्यंत सांगितली जाते. अशा घरात, यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत दार्जिलिंगला जाऊन काहीतरी साहसी करायचं, असा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमत झालं कारण प्रत्येकाच्या डोक्यातलं दार्जिलिंग वेगळं होतं. बायकोच्या डोक्यात चहाचे मळे होते, मेव्हणीच्या डोक्यात त्याच मळ्यांत पाठीवर टोपली घेऊन काढायचा फोटो होता, साडूंच्या डोक्यात डोंगर चढणारी छोटी रेल्वेगाडी होती, मुलीच्या डोक्यात संदकफूचा ट्रेक होता आणि पुण्याच्या काकांच्या डोक्यात ऑक्सिजन होता. काकूंच्या डोक्यात काय आहे हे कोणी विचारलं नाही.

नियोजन माझ्याकडे आलं, कारण लॅपटॉप माझ्याकडे आहे. आमच्याकडे नेतृत्व असंच ठरतं.

पहिली हरकत काकांची. काका वीज खात्यातून निवृत्त झालेत. कुठल्याही गोष्टीचा लोड काढल्याशिवाय ते सही करत नाहीत.

"दार्जिलिंगची उंची किती?"

"साधारण २,०४५ मीटर."

"आणि कळसूबाई?"

"१,६४६."

काका गप्प झाले. महाराष्ट्रातल्या ज्या सर्वांत उंच टोकावर आपण धापा टाकत पोचतो आणि पोचल्याबद्दल आठवडाभर पोटऱ्या चोळतो, त्याच्या चारशे मीटर वर तिथली माणसं कोथिंबीर आणायला बाहेर पडतात, हे त्यांच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी ते अर्धा किलो भीमसेनी कापूर घेऊन आले. विरळ हवेत हुंगायला. मी म्हटलं, काका, हे लेह नाही. १८३५ साली इंग्रजांनी हा डोंगर सिक्कीमच्या राजाकडून घेतला तोच मुळी आजारी गोऱ्यांना तिथे हवा खाऊन बरं वाटावं म्हणून.

"त्यांचं ठीक आहे. त्यांना दमा नव्हता."

"तुम्हालाही नाही," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मग मुलीने संदकफू मांडलं, नकाशासकट. पश्चिम बंगालमधली सर्वांत उंच जागा, ३,६३६ मीटर. मानेभंजांगला चढ सुरू होतो, टोंगलू, गैरीबास, कालीपोखरी करत वर जायचं. वाट भारत-नेपाळच्या सीमेला धरून जाते, मध्येच नेपाळात शिरते, थोडं चालून परत भारतात येते. वर पोचलं की एकीकडे कांचनजंगा, दुसरीकडे एव्हरेस्ट, ल्होत्से आणि मकालू. कांचनजंगाची सगळी रांग उताण्या झोपलेल्या बुद्धासारखी दिसते, म्हणून तिला ‘स्लीपिंग बुद्ध’ म्हणतात.

"झोपलेला माणूस बघायला एवढं चालायचं?" मेव्हणी साडूंकडे बघत म्हणाली. "तो मला घरी दिसतो."

साडूंनी हे ऐकलं नाही, कारण ते नेपाळमध्ये शिरल्यावर मोबाईलला रोमिंग लागेल का या विचारात होते. पण मानेभंजांगहून वर जुन्या लँड रोव्हर जातात, १९५०च्या दशकातल्या, अजून धडधाकट, हे कळल्यावर ते एकदम खुलले. म्हणजे चालायचं नाही? मग संदकफूला त्यांचा बिनशर्त पाठिंबा होता. साडूंच्या मते धोका जरूर पत्करावा, फक्त तो गाडीने पत्करावा. मुलीचं म्हणणं असं की गाडीतून वर जाणं म्हणजे ट्रेक नव्हे, बदली. त्या रात्री ती जेवली नाही. म्हणजे आमच्यासमोर जेवली नाही.

तडजोड म्हणून मी सोप्या साहसांची यादी काढली. तीस्ता नदीत राफ्टिंग : नामंजूर, पाणी गार असतं. कालिंपाँगजवळ डेलोला पॅराग्लायडिंग : नामंजूर, कारण विचारलंच कशाला. राहिला तेनझिंग रॉक. एव्हरेस्ट सर झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९५४ साली, दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली आणि तेनझिंग नोर्गे तिथे गिर्यारोहण शिकवणाऱ्यांचे प्रमुख झाले. लेबाँगच्या रस्त्यावर त्यांच्या नावाचा एक मोठा खडक आहे. माहीतगार माणसं कमरेला दोर बांधतात आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनाही वर चढवतात.

"मी चढणार," काकू म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. काकूंचं या विषयावरचं हे पहिलंच निवेदन होतं.

"तुझे गुडघे," काका म्हणाले.

"लिफ्ट बंद असली की दूध आणायला पाठवता तेव्हा कुठे असतात माझे गुडघे?"

इतिवृत्तात मी ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं.

छोट्या गाडीवरून वाद होईल असं वाटलं नव्हतं. साडू नाशिकचे आणि रेल्वेवेडे. त्यांनी उभं राहून माहिती दिली : १८८१ सालची लाईन, रुळांमध्ये दोन फुटांचं अंतर, १९९९पासून युनेस्कोच्या यादीत, आणि घूम हे २,२५८ मीटरवरचं भारतातलं सर्वांत उंच रेल्वे स्थानक. न्यू जलपायगुडीपासून ८८ किलोमीटर. वेळ? सात तासांच्या वर. आता मेव्हणीचं गणित पक्कं आहे. ताशी बारा किलोमीटर, ती म्हणाली, यापेक्षा मी रोज रिक्षावाल्याशी भांडत वेगाने जाते. साडू म्हणाले, अगं, चढ इतका आहे की काही ठिकाणी गाडी पुढे जाते, मग रूळ बदलून मागे जाते, मग परत पुढे, अशी इंग्रजी झेडसारखी वर चढते. मेव्हणीने माझ्याकडे आणि लॅपटॉपकडे पाहिलं आणि म्हणाली, "या गाडीला आपल्या समितीत घ्या." शेवटी वर जीपने जायचं आणि छोट्या गाडीतून फक्त दार्जिलिंग ते घूम आणि परत अशी फेरी मारायची, असं ठरलं. साडूंनी ते मान्य केलं, पण चेहऱ्यावरून सुतक जायला वेळ लागला.

टायगर हिलचा सूर्योदय मात्र मी थोडक्यात उरकणार होतो. सगळेच जातात, आपणही जाऊ. हॉटेलातून पहाटे साडेतीनला निघावं लागतं एवढं मी हळू आवाजात सांगितलं.

"साडेतीनला उठून, थंडीत, अंधारात, सगळ्यांनी एकमेकांवर ओरडत आवरायचं," बायको म्हणाली. "मग नरकचतुर्दशी काय वाईट? ती घरीच होते."

त्यात मी खरं बोलून बसलो. आकाश स्वच्छ असेल तर तिथून एव्हरेस्ट दिसतं, पण दुरून दिसतं. त्याच्यापेक्षा कमी उंचीचा मकालू जवळ असल्यामुळे मोठा वाटतो. साडू उसळले. पैसे एव्हरेस्टचे आणि बघायचा मकालू? त्यांनी ही तक्रार कोणाकडे करायची असते ते विचारलं.

यानंतर जेवणाचा विषय निघाला, आणि आमच्या घरात जेवणाचा विषय निघाला की बाकी विषय उठून जातात. एका यात्रा कंपनीचं पत्रक घरात आलंच होतं. त्यात दार्जिलिंगच्या दुसऱ्या दिवशी ‘रात्री पुरणपोळी व कटाची आमटी’ असं ठळक छापलेलं. कांचनजंगा बारीक टाइपात. काकांना ते फार आवडलं. मी म्हटलं, त्या एका डोंगरकण्यावर किती तऱ्हेची माणसं राहतात बघा. मूळचे लेपचा, मग भुतिया, नेपाळी बोलणारे राई, लिंबू, तामांग, गुरुंग, नेवार, शेर्पा. १९५९नंतर आलेले तिबेटी. बंगाली, बिहारी, मारवाडी. प्रत्येकाच्या चुलीवर वेगळं. थुक्पा नावाचं नूडल्सचं सूप आहे, मोमो आहेत, तांदळाच्या पिठाची तळलेली सेलरोटी आहे, आंबवून वाळवलेल्या पाल्याचं गुंद्रुक आहे. छुर्पी नावाचं कडक चीज आहे, एक तुकडा तोंडात टाकला की तास-दोन तास चघळायचा.

"दोन तास?" साडूंनी उत्सुकतेने विचारलं. "त्या वेळात बोलता येत नाही?" आणि मेव्हणीसाठी अर्धा किलो लिहून घ्या म्हणाले.

काकूंनी यादीतून एकच शब्द उचलला. मारवाडी. मारवाडी आहेत म्हणजे शाकाहारी भोजनालय असणार. प्रश्न संपला. आता त्यांना पेयांबद्दल माहिती हवी होती. मी चहाचं सांगितलं, पण मुलीने मध्येच तोंगबाचं सांगितलं. लाकडी किंवा बांबूच्या उंच पेल्यात आंबवलेले दाणे भरतात, वरून कढत पाणी ओततात आणि नळीने ओढतात. पाणी संपलं की परत ओतायचं.

"दाणे कसले?" काकूंनी विचारलं.

"कोदो म्हणतात तिकडे. म्हणजे आपली नाचणी."

"नाचणी! मग आंबीलच की. यांना द्यायला हवं, हाडांना चांगलं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी मुलीकडे पाहिलं. तोंगबा चढतो, हे सांगायची ही योग्य वेळ होती. पण काका त्या वेळी कापराच्या वड्या मोजून पुड्या बांधत होते, आणि दार्जिलिंगच्या थंडीत नाचणीचे दोन पेले पोटात गेलेले काका कसे दिसतील, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर इतकं स्पष्ट उभं राहिलं की मी यादीत ‘काका : आंबील’ असं लिहून टाकलं.

काकांची पुढची शंका भाषेची होती. ती आपोआप सुटली, कारण नेपाळी देवनागरीत लिहितात. हे कळल्यापासून काका मोबाईलवर नेपाळी बातम्या खणखणीत पुणेरी उच्चारात मोठ्याने वाचतात. अर्थ कळत नाही. त्याने त्यांचं कधी अडलेलं नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी शांतपणे ऐकली. दार्जिलिंगच्या चौरस्त्याच्या मागच्या टेकडीवर महाकालाचं देऊळ आहे. तिथे ब्राह्मण पुजारीही असतो आणि बौद्ध लामाही. एकाच आवारात घंटा वाजतात आणि प्रार्थनेच्या रंगीत पताका फडफडतात.

"भांडत नाहीत?" काकूंनी विचारलं.

"वाचलं तरी नाही."

"आमच्याकडे तर एका देव्हाऱ्यात दोन जावांची फुलं मावली नाहीत."

बायकोने लगेच विषय बदलून जीपमधल्या जागा काढल्या. तिथे सुमो नाहीतर बोलेरो मिळते. शेअरची असेल तर दहा माणसं बसतात, चालकाशेजारी दोन, मध्ये चार, मागे चार. काकांनी सुमोच हवी म्हणून हट्ट धरला, कारण ती पुण्याची आणि तिचं नावही सुमंत मुळगावकरांवरून ठेवलेलं. साडू म्हणाले, बोलेरो नाशिकला बनते, बसेन तर तिच्यातच. तिस्तेच्या खोऱ्यात महाराष्ट्राचा हा सीमावाद मिटेपर्यंत चहा दोनदा झाला. मागच्या सीटवर मी बसणार, यावर मात्र काहीच चर्चा लागली नाही.

राहता राहिल्या तारखा. मुलीचा आग्रह ऐन दिवाळीत जायचा. तिकडे दिवाळीला तिहार म्हणतात. आपण नरकचतुर्दशीला उटणं लावून पायाखाली कारीट फोडतो, त्या दिवशी तिथे कुत्र्यांची पूजा असते. झेंडूची माळ, कपाळाला टिळा, गोडधोड, मग तो घरचा असो की गल्लीतला. भाऊबीजेला बहिणी भावाला सात रंगांचा टिळा लावतात. मुलगी हे सांगताना इतकी रंगली की मीही विरघळलो. बायको विरघळली नाही. तिचे तीन भाऊ आहेत आणि तिघंही ओवाळणीत पाकीट देतात. भाऊबीज घरीच होणार. निघायचं ते त्यानंतर, दोन दिवसांनी.

मी कॅलेंडर काढलं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. गीतांजलीने कल्याणहून हावडा, दुसऱ्या रात्री सियालदहहून दार्जिलिंग मेल. भाऊबीजेनंतरच्या तारखेतून साठ वजा केले आणि बोट गणेश चतुर्थीवर येऊन थांबलं. मेलचा दिवस ऋषिपंचमीचा.

तर चतुर्थीला सकाळी पावणेआठला पाटावर गणपती, पाटासमोर गुरुजी, आणि गुरुजींच्या मागे मी सोवळं नेसून लॅपटॉपसमोर. तेव्हा कुठे लक्षात आलं, एका तिकिटावर सहाच माणसं बसतात. आम्ही सात.

सातवं कोण? साडू म्हणाले, नियोजन ज्याचं त्याने. बायको म्हणाली, मग सामान कोण उचलणार? काका म्हणाले, मला एकट्याला रात्री काही झालं तर? गुरुजी म्हणाले, आचमन करा. आठला पाच कमी.

"मला ठेवा वेगळी," काकू म्हणाल्या. हातात मोदकाची पारी होती.

मुलीने स्वतःच्या मोबाईलवरून काकूंचं काढलं, मी बाकी सहांचं. ‘प्राणप्रतिष्ठा’ आणि ‘पेमेंट सक्सेसफुल’ एकाच सुमारास झाले. आम्ही सहा जण एका डब्यात, त्यातले चार वरच्या बर्थवर. काकू दोन डबे सोडून, एकट्या, खालचा बर्थ, खिडकी.

आरती झाल्यावर काकांनी परतीचा दिवस मोजायला सांगितला. मी मोजला. अनंत चतुर्दशी.

"विसर्जनाच्या दिवशी?" काका हादरले. "मिरवणुकीत नेटवर्क जाम असतं. नाही मिळालं तर?"

"तर तुम्ही सगळे कसे येणार ते बघा," काकू पुढच्या मोदकाला कळ्या पाडत म्हणाल्या. "माझं काही नाही. मला तिथे खडकही चढायचाय आणि कुत्र्यांच्या दिवाळीपर्यंत थांबायलाही चालेल."

"ती पुढच्या वर्षी असते, काकू."

"माहितेय मला."